नातं सुटलं, सवय सुटली का? अनुभव सांगा

माझ्यापासून सुरू करते. साडेचार वर्षं एकाबरोबर होते, कुठेही पोचले की फोटो, रिक्षात बसले की नंबर, गुगल मॅप्सवर लोकेशन कायम चालू, आणि मला वाटायचं किती काळजी करतो! सुटून आठ महिने झाले. परवा मंडईत मेथी घेतली आणि हाताने आपोआप जुडीचा फोटो काढला, मग कळेना पाठवू कोणाला. आईला पाठवला. तिचं उत्तर: निवडून ठेव. तुमचं काय?

---

आमचा घटस्फोट म्युच्युअल कन्सेंटने, म्हणजे दोघांच्या संमतीने, हिंदू विवाह कायद्याचं कलम 13-ब. सहा महिने थांबायची अट 2017 च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर माफ होऊ शकते, पण आधी दीड वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं, आम्ही नव्हतो, मग थांबलो. त्याला गिचका भात लागायचा. बारा वर्षं तेच पाणी, त्याच शिट्ट्या, एकटी राहायला लागल्यावरही तसाच लावत होते. एकदा पाणी कमी पडलं नि भात मोकळा झाला तेव्हा आठवलं, अरे मला असा आवडतो!

---

पुरुषाने लिहिलं तर चालेल ना? तिला आवडत नाहीत म्हणून कॉलेजच्या पोरांशी बोलणं बंद केलं होतं. तिच्यावर काय ढकलायचं, मान मीच डोलावली. चार वर्षांनी एकाला फोन लावला, आधी दोन शिव्या घातल्या त्याने, मग म्हणाला रविवारी ये. सिगारेट मात्र सुटेना, पाकिटावरच्या तंबाखू सोडायच्या हेल्पलाइनला, 1800-11-2356 ला, फोन करून झालाय, सध्या न ओढता अकरावा दिवस.

---

माझं वय 61, तुमच्यात बसते का माहीत नाही. सासरी आल्यावर जावांनी मिश्री लावायला शिकवली. तव्यावर तंबाखू भाजायची, खकाणा उडून ठसका लागायचा, आणि मग मागच्या दारी आम्ही तिघी बोट दातावर फिरवत बसायचो. ह्यांचा आवाज तिथवर येत नसे. घरात उठबस, बोलणं, माहेरी जाणं सगळं विचारून, तेवढी दहा मिनिटं कोणाला विचारावी लागत नव्हती. ते घर सोडून लेकीकडे आले, डेंटिस्टने तोंडातला पांढरा चट्टा दाखवला तशी मिश्री बंद केली. तरी पहाटे उठून बाल्कनीत बसतेच. लेक म्हणते आई आत ये, गारठा आहे. येते म्हणते, दहा मिनिटांनी.