मदत हवी आहे : दूध न ओढणारं बाळ एसएनसीयूपर्यंत (आजारी नवजात बाळांच्या विशेष कक्षापर्यंत) नेताना

ताई-दादांनो, मी नंदुरबारच्या डोंगरी भागात आशा सेविका आहे. इथल्या कोणी नर्स किंवा बालरोगतज्ज्ञ असतील तर कृपया सांगा.

परवा सातव्या दिवसाच्या गृहभेटीत १ किलो ९०० ग्रॅमचं बाळ पाहिलं. तळपाय गार, रडणं क्षीण, पाजायला घेतलं की दोन घोट घेऊन जबडा सैल. काखेत ९५.२ फॅरनहाइट. घरचे म्हणत होते, गुणाचं आहे, झोपूनच असतं! आईच्या छातीशी कांगारूसारखं बांधून १०२ रुग्णवाहिकेने पाठवलं. जंतुसंसर्ग निघाला आणि साखरही उतरलेली. आता दाखल आहे.

सुस्ती, गारठा, दूध सोडणं ही लक्षणं जंतुसंसर्ग आणि साखर उतरणं, दोन्हींत सारखीच, त्यामुळे घरी वेगळं ओळखत बसायचं नाही, लगेच पाठवायचं, हे पक्कं आहे. माझा प्रश्न वाटेचा आहे. गिळणाऱ्या बाळाला काढलेलं दूध वाटी-चमच्याने देते. पण गिळतच नसेल तर? तोंडात घातलेलं श्वासनलिकेत जायची भीती वाटते. आमच्याकडे प्राथमिक आरोग्य केंद्रात जेंटामायसिन या प्रतिजैविकाचा पहिला डोस देतात. तिथेच टाचेतून साखर तपासून, नळीने दूध किंवा शिरेतून १० टक्के डेक्स्ट्रोज (साखरेचं सलाईन) देऊन पुढे न्यावं, की त्यात वेळ जातो? तुमच्याकडे काय करतात?

आणि आज्या मध, साखरपाणी चाटवतात. त्यांना न दुखवता कसं थांबवता?