प्रतिकारक, सहनशील, वाहक: एचआयव्ही आणि जनुकांविषयी लिहिताना

प्रश्न: सीसीआर५ या जनुकाचं 'डेल्टा-३२' हे रूप आई-वडील दोघांकडून मिळालं, तर एचआयव्हीची लागण सहसा होत नाही. मराठीत याला सर्रास 'जबर प्रतिकारशक्ती' म्हणतात. मला ते खटकतं. दुसरा शब्द आहे का?

उत्तर: खटकायलाच हवं. प्रतिकारशक्ती म्हटलं की लढाई आली, आणि इथे लढाईच होत नाही. पांढऱ्या पेशीत शिरायला विषाणूला पेशीवरचं सीडी४ हे प्रथिन लागतं आणि जोडीला बहुधा याच जनुकातून बनणारं सीसीआर५ प्रथिन. डेल्टा-३२मध्ये जनुकाची ३२ अक्षरं गळालेली असतात, त्यामुळे हे प्रथिन पेशीच्या पृष्ठभागावर येतच नाही. १९९६ साली हे उलगडलं. पुढे बर्लिनमध्ये टिमथी रे ब्राउन यांना रक्ताच्या कर्करोगासाठी अशाच दात्याच्या मूळपेशी दिल्या आणि त्यांचा एचआयव्हीही गेला.

गव्हाचं 'तांबेरा प्रतिकारक वाण' म्हणतो ना, तसं नुसतं 'प्रतिकारक' म्हणा. 'अभेद्य' मात्र नको. काही एचआयव्ही विषाणू सीसीआर५ऐवजी सीएक्ससीआर४ हे दुसरं प्रथिन वापरून आत शिरतात. डेल्टा-३२ असूनही लागण झालेली माणसं आहेत.

प्रश्न: आणि लागण होते पण एड्सपर्यंत जायला खूप वर्षं लागतात, ते एचएलए या रोगप्रतिकाराशी संबंधित जनुकाची बी५७ किंवा बी२७ ही रूपं असलेले? शेतीतलाच 'सहनशील' चालेल?

दुसरं उत्तर: मी नाही वापरणार. सहनशील म्हणजे रोगाचं बीज अंगात भरपूर, तरी पीक उभं. तो शब्द आफ्रिकेतल्या सूटी मँगबे माकडांना द्या. त्यांच्या रक्तात एसआयव्ही (एचआयव्हीचा माकडांतला भाऊबंद) खच्चून असतो, तरी ती सहसा आजारी पडत नाहीत. बी५७वाल्यांचं उलट आहे. त्यांच्या टी-पेशी (संरक्षक पांढऱ्या पेशी) बाधित पेशी नेमक्या हेरून मारतात, रक्तातला विषाणू कमी राहतो. म्हणजे वर खोडलेली 'प्रतिकारशक्ती' इथे खुशाल लिहा! बी३५च्या काही रूपांत एड्स लवकर गाठतो. त्याला 'रोग वेगाने बळावतो' एवढं पुरे.

तिसरं उत्तर: एक भर. डेल्टा-३२ एकाच पालकाकडून आलेल्यांना 'वाहक' म्हणू नका. जनुकशास्त्रात शब्द बरोबर आहे, पण एचआयव्हीच्या लेखात वाचक विषाणूचाच वाहक समजणार. उत्तर युरोपीय वंशाच्या लोकांत असे साधारण १५ ते २०% असतात, दोन्ही प्रती असलेले जेमतेम १%. भारतात हे रूप विरळाच. एका प्रतीने लागण टळत नाही, आजार मात्र सावकाश वाढतो. 'एक प्रत असलेले' लिहिलं तर घोटाळा होत नाही.