मदत हवी आहे: थ्रॉटल दिला की आरसी गाडी जागेवरच गरगर फिरते

खटपट्या७: तीन संध्याकाळी यातच गेल्या, आता डोकं चालेनासं झालंय. सुटे भाग आणून आरसी, म्हणजे रिमोटवर चालणारी, गाडी जोडली. स्टिअरिंग सरळ ठेवून थ्रॉटल दिला की पुढे जायचं सोडून उजवीकडे गरगर फिरते. ट्रिम (रिमोटवरची स्टिअरिंगचा मध्य सरकवायची कळ) या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला, ढिम्म फरक नाही. त्यात पुढची चाकं डावीकडे पूर्ण वळतात, उजवीकडे जेमतेम. चाकं वळवणारा सर्व्हो नवीन आहे, म्हणजे तोच खराब निघाला ना? उद्या लेकीला चालवून दाखवायची आहे, लवकर सांगा.

तुटका_गिअर: सर्व्हो कुठला? ईएससी, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट, कुठलं? मोटर ब्रश्ड (आत ब्रश असलेली) की ब्रशलेस? बॅटरी किती सेलची? पत्रिका न देता गुण जुळवून मागताय राव.

वेग_हवा: ब्रश्ड मोटर असेल तर काढून टाका, ब्रशलेस लावा. मी दोन वर्षांपूर्वी बदलली, परत मागे वळून पाहिलं नाही.

खटपट्या७: ब्रश्ड आहे, तीच ठेवायची आहे. लायपो दोन सेल, ७.४ व्होल्ट. आता सांगा.

जुना_मेकॅनिक: सर्व्होवर हॉर्न (शाफ्टवरचा छोटा दांडा) बसवला तेव्हा गाडीतला रिसीव्हर आणि हातातला ट्रान्समीटर चालू होते का?

खटपट्या७: नाही. सर्व्हो हातानेच फिरवून अंदाजे मधोमध आणला, मग स्क्रू आवळला.

जुना_मेकॅनिक: तिथेच चुकलं. सर्व्होचा मध्य म्हणजे रिसीव्हरकडून १५०० मायक्रोसेकंदाचा पल्स येतो तेव्हाची जागा, डोळ्यांना वाटतो तो नव्हे. २५ दातांच्या शाफ्टवर एक दात चुकला की हॉर्न १४.४ अंश तिरका. म्हणून एका बाजूला भरपूर, दुसरीकडे वांधे. हॉर्न काढा, ट्रिम शून्यावर आणा, सगळं चालू करा, मग हॉर्न काटकोनात बसवा. उरलेली बारीक तफावत ट्रान्समीटरमधल्या सबट्रिम सेटिंगने काढा. आणि हाताने फिरवू नका, आतले बारीक गिअर तुटतात.

तुटका_गिअर: पण गरगर फिरण्याचं काय? हॉर्न तिरका असेल तर गाडी एका बाजूला ओढेल, भोवरा होणार नाही.

वेग_हवा: म्हणूनच म्हणतो, ब्रशलेस.

रंगारी: बॉडीला कुठला रंग देणार आहात? पारदर्शक पॉलीकार्बोनेट असेल तर आतून रंगवा. आतून म्हणजे क्रम उलटा, बारीक पट्टे आधी, मोठा रंग नंतर. मी पहिल्यांदा हे विसरलो आणि पट्टे कायमचे लपले.

तुटका_गिअर: अहो, आधी गाडी सरळ चालू दे. धागालेखक, मोटर एकच ना?

खटपट्या७: दोन. मागच्या प्रत्येक चाकाला एक. लिहिलं नव्हतं का?

तुटका_गिअर: नव्हतं! दोन्हींच्या वायरी ईएससीला एकसारख्या जोडल्यात ना, लालला लाल, काळ्याला काळी?

खटपट्या७: अर्थात. मग कशा जोडायच्या?

तुटका_गिअर: एकीचा शाफ्ट डावीकडे तोंड करून, दुसरीचा उजवीकडे. शाफ्टच्या टोकाकडून पाहिलं तर दोन्ही एकाच दिशेने फिरतात, पण गाडीच्या हिशेबाने एक चाक पुढे, दुसरं मागे. उजवीकडे गरगरते म्हणजे उजवं चाक उलटं चाललंय. फक्त त्या मोटरच्या दोन वायरींची अदलाबदल करा. आधी गाडी डब्यावर ठेवून, चाकं अधांतरी ठेवून बघा.

जुना_मेकॅनिक: हात लावताच आहात तर दोन्ही मोटरी सिरीजमध्ये, म्हणजे एकीमागे एक, जोडा. वळणावर बाहेरचं चाक जोरात, आतलं हळू, डिफरन्शियलसारखं.

तुटका_गिअर: आणि एक चाक हवेत उचललं गेलं की तेच भिरभिरणार, दुसरं मख्ख. शिवाय प्रत्येकीला निम्माच व्होल्टेज. पॅरललच बरं.

जुना_मेकॅनिक: पॅरललमध्ये करंटची बेरीज होते. ईएससी दोघींचा भार झेलणारी आहे का, हे विचारलंत का?

वेग_हवा: ब्रशलेसमध्ये हा प्रश्नच येत नाही.

जुना_मेकॅनिक: तिथे दोन मोटरींना दोन ईएससी लागतात, मग वेगळे प्रश्न येतात.

खटपट्या७: उजव्या मोटरच्या वायरी फिरवल्या, गाडी सरळ धावली! हॉर्नही चालू ठेवून बसवला, आता दोन्हीकडे सारखी वळते. फक्त डावीकडे पूर्ण वळवून धरली की सर्व्हो गुणगुणतो.

जुना_मेकॅनिक: चाकाला आणखी वळायला जागा नाही, सर्व्हो तरी ढकलतोय. ट्रान्समीटरवर डावीकडचा एंडपॉइंट (सर्व्हो कुठवर वळेल ती मर्यादा) गुणगुण थांबेपर्यंत कमी करा, नाहीतर सर्व्हो जळेल. ईएससीचं उत्तर अजून दिलं नाहीत.

खटपट्या७: थांबा, बघून सांगतो. खोक्यावर बारीक अक्षरांत आहे.

नवा_आलो: सर्व्हो बदलून बघा.