गाडीच्या रिमोट चावीची बॉडी घरी बदलतोय, मध्येच अडकलोय. मदत हवी आहे

गाडी अजून धडधाकट आहे, चावीचा मात्र पार चोथा झालाय. लॉकच्या बटणावरचं रबर फाटून भोक पडलंय, आतला स्विच नखाने दाबावा लागतो. रिंग अडकवायचा कानही तुटला. रिमोट चालतोय, मग अख्खी नवी चावी कशाला, म्हणून नुसती रिकामी बॉडी मागवली. उघडझाप करणाऱ्या पात्याची, पातं अर्थात कोरं, खाचा न कापलेलं.

जुनी बॉडी कडेच्या खाचेत चपटा स्क्रूड्रायव्हर घालून उघडली. सर्किट अलगद निघालं, नव्या बॉडीत चपखल बसलं. सीआर २०३२ सेल घातला, दरवाजे पटापट लॉक-अनलॉक झाले. जाम खूश. मग जुनं पातं नुसतं हातात धरून गाडी सुरू करायला गेलो. स्टार्टर फिरतो, इंजिन काही धरत नाही, आणि डॅशबोर्डवर चावीचं चित्र लुकलुकतंय. सहज म्हणून जुन्या बॉडीचं रिकामं टरफल इग्निशनजवळ नेलं, तर गाडी सुरू! दोनदा करून बघितलं. टरफलात असं काय आहे? आणि जुनं पातं धरून ठेवणारी पिन कशी काढायची? खिळा लावून ठोकली, खिळाच वाकला.

प्रतिसाद १
टरफल फेकलं नाहीत हे नशीब. त्यात इमोबिलायझरची, म्हणजे चोरी रोखणाऱ्या यंत्रणेची, चिप आहे. रिमोटशी तिचा संबंध नाही आणि तिला सेलही लागत नाही; इग्निशनभोवतीच्या कॉइलमधून तिला वीज मिळते आणि ती आपला कोड सांगते. कोड जुळला नाही तर इंजिन सुरू होत नाही. टरफल उजेडात धरून आतले कोपरे बघा. काळा चपटा तुकडा असेल, नाहीतर तांदळाच्या दाण्याएवढी, किंचित मोठी काचेची नळी. काचेची असेल तर उचकटू नका, फुटली की संपलं. भोवतीचं प्लास्टिक कटरने थोडं थोडं कापा. डिंक निघत नसेल तर प्लास्टिकच्या तुकड्यासकट नव्या बॉडीत ठेवा, मावलं म्हणजे झालं. आणि दुसरी चावी हाताशी असल्याशिवाय कटर हातात घेऊ नका.

प्रतिसाद २
पिनेला खिळा चालत नाही, पिनेपेक्षा जरा बारीक पंच, म्हणजे ठोकून पिन ढकलायची कडक लोखंडी कांडी, लागतो. खाली भोक पाडलेलं लाकूड घ्या, म्हणजे पिनेला बाहेर पडायला जागा मिळेल. हलके हलके ठोका. एका बाजूने हलली नाही तर उलटून बघा. हे जमलंच नाही तर कोरं पातं चावीवाल्याकडून कापून घ्या, त्यात कमीपणा नाही. स्प्रिंग बसवताना आधी एखादा वेढा पिळून ताण द्यावा लागतो, नाहीतर पातं अर्धवटच उघडतं. जुना सेल मात्र लगेच मुलांच्या हाताबाहेर ठेवा, गिळला तर फार वाईट इजा करतो.

मूळ प्रश्नकर्ता
काचेचीच निघाली! अर्धा तास श्वास रोखून कापत होतो. नव्या बॉडीत तिच्यासाठी खाच होतीच, मघाशी ती फालतू वाटली होती. बॉडी न चिकटवता गाडी तीनदा सुरू करून बघितली, तिन्ही वेळा झाली. पिन निघाली, पण स्प्रिंग उडून कपाटाखाली गेलीये. पिळायचा वेढा कुठल्या दिशेने, एवढं कुणी सांगेल का?