क्लासचं नाव बदललं, पण डेटाबेसला कोण सांगणार?

कर्वेनगरकर:
मार्च एंडला आमच्याकडे जो गोंधळ झाला त्यावरून लिहितोय. पतसंस्थांचं सॉफ्टवेअर आहे, रुबी ऑन रेल्स या वेब फ्रेमवर्कमधलं. कोणे एके काळी कुणीतरी क्लासला (म्हणजे कोडमधल्या साच्याला) कस्टमर नाव दिलेलं, आता पतसंस्थेत कस्टमर कुठला, असतो तो सभासद, म्हणून नव्या पोरानं उत्साहात कस्टमरचं मेंबर केलं, टेस्ट सगळ्या हिरव्या, रिव्ह्यूत ओके मीच दिलं. पण आमचं सिंगल टेबल इनहेरिटन्स (एसटीआय) आहे, म्हणजे अनेक क्लासच्या ओळी एकाच टेबलात आणि टेबलच्या टाइप कॉलममधे प्रत्येक ओळीत क्लासचं नाव जसंच्या तसं लिहिलेलं असतं. टेस्टमधला डेटा ताजा, त्यात मेंबर. संस्थांच्या जुन्या ओळींत कस्टमर, आणि तो क्लास तर आता नाहीच! मॅनेजरांचा फोन, "साहेब, सभासदाचं खातं उघडलं की एरर येतोय." आत बघतो तर सबक्लास नॉट फाउंड.

माझं मत: कोडमधे नाव खुशाल बदला, डेटाबेसात गेलेलं नाव मात्र कायम ओळखा. लकडी पुलाचं लाकूड कधीच गेलं, कागदोपत्री तो छत्रपती संभाजी महाराज पूल आहे, तरी रिक्षात बसून आपण लकडी पूलच म्हणतो ना आणि रिक्षा पोचते.

फेज_टू_चा_हमाल:
रिक्षावाला माणूस आहे राव, कोड नाही. एका अपडेट क्वेरीचं काम होतं हे, जिथे कस्टमर तिथे मेंबर, मायग्रेशनमधे (डेटाबेस बदलणारी, प्रत्येक डेटाबेसावर एकदाच चालणारी फाइल) टाका आणि विसरा. दोन-दोन नावं सांभाळली की तीन वर्षांनी आलेला बिचारा दोन्ही शोधत बसतो. आणि नुसतं कस्टमर = मेंबर असं उपनाव ठेवलंत तर अजून वाईट. जुनी ओळ उघडेल, पण मेंबरची यादी काढली की रेल्स टाइप = मेंबर अशीच अट लावणार, म्हणजे जुने सभासद यादीतून गुपचूप गायब. एरर आला तर निदान फोन तरी येतो, इथे थेट ऑडिटला कळेल.

कर्वेनगरकर:
यादीचं बरोबर आहे, पहिल्या प्रयत्नात आम्ही तिथेच आपटलो. म्हणून उपनावासोबत मेंबरमधे एसटीआय_नेम (टाइप कॉलमात कुठलं नाव जायचं ते सांगणारी मेथड) ओव्हरराइड करून 'कस्टमर'च परत देतो, मग लिहिताना, शोधताना सगळीकडे जुनंच नाव जातं. जावातले हायबरनेटवाले डिस्क्रिमिनेटर व्हॅल्यू, म्हणजे त्या कॉलमात जायचा शब्द, हातानं देतात तसंच. आणि आमचा सर्व्हर एक नाहीये हो, प्रत्येक संस्थेच्या ऑफिसात वेगळा डेटाबेस, कुणी दर महिन्याला अपडेट घेतं, कुणी ऑडिट उरकल्यावर वर्षातनं एकदा.

पीएचपी_जुना_खेळाडू:
अपडेट क्वेरीवाल्यांनी माझी कथा ऐका. आम्ही अख्खे ऑब्जेक्ट सिरियलाइझ करून, म्हणजे त्यांची एक सलग मजकूर-ओळ बनवून, कॉलममधे टाकायचो (हसू नका, तेव्हा सगळेच टाकायचे). पीएचपी त्यात आधी ओ लिहितं, मग क्लासच्या नावाची लांबी, मग नाव. इंग्रजीत कस्टमरची अक्षरं 8, मेंबरची 6. मी शहाण्यासारखा रिप्लेस मारला, नाव बदललं, आकडा 8 चा 8च राहिला, आणि अनसिरियलाइझ सगळीकडे फॉल्स. शनिवार गेला. शेवटी बॅकअप चढवला आणि जुनं नाव नव्या क्लासला जोडणारी क्लास_अलियासची एक ओळ टाकली, ती अजून तिथेच आहे. पायथनच्या पिकलमधेही (त्यांचं सिरियलाइझ) मॉड्यूल आणि क्लासचं नाव आतच असतं, तिथे फाइंड_क्लास ओव्हरराइड करून जुन्या नावाला नवं दाखवता येतं.

फेज_टू_चा_हमाल:
ब्लॉबचं, म्हणजे असं अख्खं ऑब्जेक्ट कोंबलेल्या कॉलमचं, मान्य. पण ते ऑब्जेक्ट कॉलममधे टाकलेत तिथेच चुकलं, त्याची शिक्षा साध्या टाइप कॉलमला का? आणि प्रत्येक संस्थेचा डेटाबेस वेगळा असला तरी काय बिघडतं, कुठली मायग्रेशन झालीत हे रेल्स त्या-त्या डेटाबेसातच लिहून ठेवतं. वर्षानं अपडेट घेतलं तर वर्षानं चालेल, जुना बॅकअप चढवला तरी राहिलेली सगळी चालतील.

औंधची_डीबीए:
चालतील, पण फायली जागेवर असतील तर. बऱ्याच टीम जुन्या मायग्रेशन साफ करून एकच स्कीमा फाइल (टेबलांचा नुसता आराखडा) ठेवतात, मग डेटा बदलणारं मायग्रेशनही त्या सफाईत उडतं. दुसरं, दोन सर्व्हर एकामागून एक अपडेट करत असाल तर मधल्या दहा मिनिटांत नवा सर्व्हर मेंबर लिहितो आणि जुना त्यावर फुटतो. आधी दोन्ही नावं वाचणारं पण जुनंच लिहिणारं रिलीज, मग नवं लिहिणारं, मग अपडेट क्वेरी, आणि उपनाव सगळ्यात शेवटी काढायचं. पीएचपीच्या लॅरावेल फ्रेमवर्कमधल्या मॉर्फ मॅपसारखं काही पहिल्या दिवसापासून लावलं असतं, म्हणजे क्लासच्या नावाऐवजी आपण ठरवलेला शब्द, तर हा धागाच निघाला नसता.

कर्वेनगरकर:
मायग्रेशन साफ करण्याचं आम्हीही केलंय, दोन वर्षांपूर्वी, आणि तेही ओके मीच दिलेलं 🙈

फेज_टू_चा_हमाल:
मग दुखणं तिथे आहे! एसटीआय_नेम म्हणजे वरची पट्टी.

कर्वेनगरकर:
असेल, पण पट्टी काढायची तर आधी एका संस्थेचा चार वर्षं जुना बॅकअप मशीनवर उतरवून बघतो. शनिवारी कोण मोकळं आहे, चहा माझ्याकडून.