मदत हवी आहे: आर्केड कॅबिनेटच्या स्क्रीनभोवतीचं पारदर्शक ॲक्रिलिक रंगवताना तडे जातायत

जॉयस्टिक_ठाणे

नमस्कार मंडळी. १८ मिमी प्लायचं उभं आर्केड कॅबिनेट (व्हिडिओ गेम पार्लरमधे असते तशी उभं राहून खेळायची पेटी) तयार आहे, स्क्रीनभोवतीची चौकट तेवढी राहिली आहे. आत १९ इंची ५:४ एलसीडी, प्लास्टिकचं कव्हर काढून बसवलेली. तिच्यासमोर ५६० बाय ४६० मिमीची, ३ मिमी जाडीची पारदर्शक ॲक्रिलिक शीट येणार. मधली खिडकी मोकळी ठेवायची, भोवती सगळं काळं, आणि जमलं तर खिडकीला लागून ६ मिमीची लाल रेघ. शीट लेझरवर कापून आणली आहे, दोन्ही बाजूंचा कागद अजून तसाच आहे.

आधी त्याच शीटच्या उरलेल्या तुकड्यावर करून पाहिलं. कागद काढला, थिनरने पुसलं, साधी मास्किंग टेप लावली. रंग ओघळू नये म्हणून पहिला हात दीड फुटावरून मारला आणि मग गाडीच्या काळ्या स्प्रेचे दोन जाड हात दिले. तीन गोष्टी बिघडल्या:

कापलेल्या कडेपासून आत केसासारखे बारीक पांढरे तडे आले, काही तर १० मिमीपर्यंत. टेपखाली रंग शिरून रेघ दातेरी झाली. आणि रंग मागच्या बाजूने मारला असूनही समोरून तो काळा दिसत नाही, राखाडी ठिपके दिसतात.

मूळ शीट एकच आहे, ती वाया घालवायची नाही. काय बदलू?

निऑनपाटी

मागून रंगवायचं ठरवलंत ते अगदी योग्य. जुन्या कॅबिनेटांच्या काचांवरची छपाईही बऱ्याचदा मागच्या बाजूनेच असे. पुढून हात लागतो, फडकं फिरतं, तरी रंगाला ओरखडा येत नाही आणि चकाकी ॲक्रिलिकची स्वतःची राहते. मात्र इथे नेहमीच्या रंगकामाचा क्रम उलटा होतो. लाकडावर शेवटचा हात दिसतो, इथे पहिला. त्यामुळे सगळी काळजी पहिल्या हाताची घ्या. शेवटचे हात ओबडधोबड झाले तरी समोरून कुणाला कळणार नाही.

राखाडी ठिपक्यांचं कारण तुमचा तो दीड फुटावरचा हात. एवढ्या लांबून मारलेला रंग हवेतच सुकतो आणि भुकटीसारखा पडतो. तो पृष्ठभागाला नीट चिकटत नाही, मधे सूक्ष्म हवा राहते, तीच समोरून राखाडी दिसते. वरून कितीही रंग चढवा, ती हवा जात नाही. डबा २५ ते ३० सेंमीवर धरा. पहिला हात पातळच, पण पडल्या पडल्या क्षणभर ओला चमकला पाहिजे. बटण शीटच्या बाहेर दाबायचं, हात सरळ रेषेत न्यायचा आणि बाहेर जाऊनच सोडायचं. असे ४ पातळ हात, दोन हातांमधे १० ते १५ मिनिटं. चौकटीचं क्षेत्रफळ फार नाही, ४०० मिलीचा एक डबा सरावाच्या तुकड्यांसकट पुरेल.

प्रायमर लावू नका. लावलात तर समोरून प्रायमरच दिसेल. रंगाचा डबा शक्यतो मॅट काळा घ्या. समोरून फरक पडत नाही, पण स्क्रीनचा उजेड मागच्या रंगावर आदळून आत चमकत नाही.

रंधा

तड्यांबद्दल. ॲक्रिलिकमधे ताण असेल आणि त्यावर तीव्र द्रावक पडलं, की असे तडे जातात. लेझरने कड वितळते आणि झटकन थंड होते, म्हणून ताण नेमका कडेला साठतो. तुम्ही आधी थिनर फिरवला, त्यावर जाड ओला रंग दिला, म्हणजे दोनदा द्रावक पाजलं. जाड हातातलं द्रावक उडायला वेळ लागतो, तेवढा वेळ ते कडेत मुरत राहतं.

थिनर, ॲसिटोन, सॅनिटायझर किंवा स्पिरिट, अमोनियावालं काच पुसायचं द्रव, यातलं काहीही ॲक्रिलिकला लावू नका. कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचे चार थेंब टाका, मऊ फडक्याने पुसा, मग साध्या पाण्याने, आणि टिपून घ्या. कोरडं घासू नका. कागद सोलताना शीटवर स्थिर वीज येते, घासली की आणखी वाढते आणि खोलीतली सगळी धूळ ती ओढून घेते. तो एक कण पहिल्या हाताखाली अडकला की समोरून कायमचा दिसणार.

शीट ८० अंशांना तास-दीड तास तापवून हळूहळू थंड केली तर ताण बराच निघतो, पण ५६० मिमीची शीट घरच्या ओव्हनमधे मावत नाही. तुमच्यासाठी सोपा मार्ग वेगळा आहे: कडेला रंग लागूच देऊ नका. शीट लाकडी पट्टीच्या खाचेत बसणार असेल तर चारही बाजूंची ८ मिमी कड तशीही झाकली जाते. तेवढ्या पट्टीवरचा कागद तसाच ठेवा, आणि जाडीच्या बाजूवरून टेप फिरवून पुढच्या कागदावर दुमडा. रंग कडेपर्यंत पोचणार नाही आणि खाचेत घासून निघणारही नाही.

मूळ शीटला हात लावण्याआधी ही चाचणी करा: उरलेल्या तुकड्यातली एक लांब पट्टी दोन ठोकळ्यांवर ठेवा, मधे वजन ठेवून किंचित वाकवा आणि खालच्या, म्हणजे ताणल्या गेलेल्या बाजूवर तुमचा रंग मारा. अर्ध्या तासात तडे दिसले तर तो डबा या कामाचा नाही. तसं झालं तर पाण्यात मिसळणारा ॲक्रिलिक रंग एअरब्रशने मारणं सगळ्यात सुरक्षित.

जॉयस्टिक_ठाणे

दोघांचे मनापासून आभार. शीट खाचेतच बसवणार आहे, त्यामुळे कड सोडायची युक्ती जमेल. आता खिडकीचं माप आणि टेपचं सांगा. स्क्रीनचा उजळणारा भाग मोजला, ३७६ बाय ३०१ मिमी भरतो. खिडकी तेवढीच ठेवू का?

पिक्सेलमोजणी

तेवढीच ठेवलीत तर वरच्या ओळीतला स्कोअर कापला जाईल. रंग स्क्रीनच्या पुढे काही मिमीवर असतो आणि खेळणाऱ्याचे डोळे स्क्रीनच्या वरच्या कडेपेक्षा उंच असतात, म्हणून वरची कड रंगाआड जाते. रंग मागच्या बाजूला असल्याचा इथेही फायदा आहे. शीटची ३ मिमी जाडी या अंतरात धरावी लागत नाही, रंग ते पॅनेल एवढंच अंतर मोजायचं. समजा ते ८ मिमी आहे आणि नजर ३० अंश तिरपी आहे, तर साधारण ४.६ मिमी झाकलं जातं.

म्हणून खिडकी वरच्या बाजूला ५ मिमी वाढवा. डाव्या-उजव्या बाजूला २-२ मिमी, कारण दोघं खेळताना दोघंही मधोमध उभे नसतात. खाली वाढवायची गरज नाही. म्हणजे ३८० बाय ३०६, आणि वाढवलेली उंची सगळी वर. खालच्या आणि बाजूच्या कडेला तिरपं पाहिलं की पॅनेलची पत्र्याची चौकट दिसते, ती मॅट काळ्या कागदी टेपने झाका. उजळणाऱ्या भागावर टेप येणार नाही याची काळजी घ्या.

४:३ चे खेळ ३७६ रुंदीत २८२ उंची घेतात, वर-खाली साडेनऊ-साडेनऊ मिमी काळं राहतं. म्हणून खिडकीच २८२ ची करावी असं वाटेल, पण करू नका. उभ्या स्क्रीनचे खेळ पूर्ण ३०१ उंची वापरतात, मेनूही वापरतो.

मापं प्लायवरून घेऊ नका. स्क्रीन जागेवर बसवा, चालू करा, पूर्ण पांढरं चित्र लावा, कागदासकट शीट पुढे ठेवा. कागदातून उजेड दिसतो, त्यावर पेन्सिलीने चार कोपरे टिपा. प्लायच्या मापाने आखलं की २ मिमी कुठेतरी हमखास चुकतात.

निऑनपाटी

टेपऐवजी शीटचा मूळ कागदच वापरा. कारखान्यात चिकटवलेल्या कागदासारखी कड कुठलीही टेप देत नाही. दोन गोष्टी मात्र सांभाळा.

पहिली, ब्लेड. ९ मिमी कटरचं नवं टोक, स्टीलची पट्टी, आणि कागद कापला जाईल एवढाच दाब. ब्लेड ॲक्रिलिकमधे रुतलं की तिथे खाच पडते, त्या खाचेत रंग बसतो आणि पुढे शीट तिथूनच तडकते. एकदा जोरात ओढण्यापेक्षा दोनदा हलक्याने ओढा. कोपरे ३-४ मिमी गोल करायचे असतील तर रुपयाचं नाणं पट्टीसारखं धरू नका, त्याची त्रिज्या फार मोठी आहे. पेनाचं टोपण बरोबर बसतं.

दुसरी, कापल्यावर कागदाची कड नखाने घट्ट दाबून घ्या. कड उचललेली असेल तर रंग आत शिरणारच, विशेषतः ओला जाड हात असेल तर. तुमच्या टेपखाली रंग गेला तो जाड हातामुळे.

आता लाल रेघ. क्रम उलटा, म्हणून लाल आधी. कागदावर खिडकीचा आयत कापा, त्याबाहेर ६ मिमीवर दुसरा. मधली पट्टी तेवढी सोला, लालचे ३ पातळ हात द्या. त्यामागे पांढऱ्याचा एक हात द्या आणि २४ तास थांबा. पांढरा गाळू नका. लाल रंग पुरता झाकणारा नसतो, मागे थेट काळा आला की समोरून रेघ काळपट लाल किंवा तपकिरी दिसते. लाल-पांढरा पक्का सुकला की चौकटीवरचा बाहेरचा कागद सोला आणि सगळ्यावरून काळा मारा. काळा लालच्या पाठीवरून गेला तरी चालतो, तो समोरून दिसत नाही. कडेची ८ मिमी पट्टी आणि खिडकी मात्र शेवटपर्यंत झाकलेलीच. काचचित्रं रंगवणारेही असाच क्रम ठेवतात: डोळ्यातली बाहुली आधी, चेहरा नंतर, पार्श्वभूमी सगळ्यात शेवटी.

प्लायपट्टी

एवढं रंगवण्यापेक्षा साइनबोर्डवाल्याकडून काळं विनाइल कापून घ्या आणि मागून चिकटवा. तासाभराचं काम आहे.

निऑनपाटी

पुढून चिकटवायचं असेल तर विनाइल छान. मागून चिकटवलं की समोरून त्याची गोंदाची बाजू दिसते. साबणाच्या पाण्यावर सरकवून, स्क्वीजीने दाबून लावलं तरी हवेचे रुपेरी डाग राहतात, आणि काळ्यावर ते फार उठून दिसतात. या चौकटीवर गेमभर नजर असते, मी तरी रंगच सांगेन.

रंधा

सध्याच्या दिवसांत ठाण्यात एक अडचण येणार ती सांगून ठेवतो. पाऊस पडत असताना एनसी प्रकारचा (नायट्रोसेल्युलोजचा, झटपट सुकणारा) स्प्रे मारू नका. द्रावक उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतलं पाणी त्यावर बसतं आणि रंगावर दुधी झाक येते. लाकडावर ती घासून काढता येते. इथे ती पहिल्या हातात आली की रंग आणि शीटच्या मधे अडकते, तिथे पॉलिश पोचत नाही. दोन कोरडे दिवस मिळेपर्यंत थांबा, सकाळी दहानंतर मारा, आणि शीट तासभर आधी त्याच खोलीत आणून ठेवा.

चुकून खिडकीत रंगाचा शिंतोडा गेला तर थिनर नको. लायटरमधे भरतात ते द्रव किंवा केरोसीन फडक्याच्या टोकाला लावून हलकेच पुसा आणि लगेच साबणाच्या पाण्याने धुवा. ताजा असेल तरच निघतो.

जॉयस्टिक_ठाणे

वाकवलेल्या पट्टीची चाचणी केली. गाडीच्या डब्याने वीस मिनिटांत तडे दिले, प्लास्टिकसाठीच्या दुसऱ्या डब्याने दोन तासांनंतरही नाही. तोच वापरतो. शेवटचे दोन प्रश्न: खिडकीचा कागद कधी सोलायचा, आणि मागून स्क्रू मारले तर चालतील का?

पिक्सेलमोजणी

शेवटच्या हातानंतर दहा मिनिटांनी खोलीत अंधार करा, मागे टॉर्च धरा आणि समोरून बघा. सुईच्या टोकाएवढी छिद्रं उजेडाने चमकतील. तिथे मागूनच आणखी एक पातळ हात द्या. हे नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही आणि स्क्रीन चालू झाल्यावर मात्र हमखास दिसतं.

कागद रंग बोटाला लागेनासा झाला की, साधारण २० ते ३० मिनिटांत सोला. कोपऱ्यातून उचला, स्वतःवरच दुमडून सावकाश ओढा. दुसऱ्या दिवसापर्यंत थांबलात तर रंगाचा पापुद्रा कागदासकट उचलला जातो आणि कडेचे टवके निघतात. उशीर झालाच तर आधी रेघेवरून ब्लेड अलगद फिरवा. समोरचा कागद शेवटपर्यंत काढू नका, कॅबिनेटमधे बसवतानाच काढा.

रंधा

स्क्रू शक्यतो नकोत. ॲक्रिलिक उन्हाळ्या-हिवाळ्यात लाकडापेक्षा बरंच जास्त फुगतं-आकसतं. ५६० मिमीच्या शीटला ३० अंशांच्या फरकाने १ मिमीपेक्षा जास्त. स्क्रूने आवळलेली शीट छिद्रापासून तडकते. ३ मिमी शीटला ४ मिमीची खाच, १० मिमी खोल, आणि दोन्ही टोकांना दीड-दीड मिमी मोकळं. स्क्रू मारायचेच असतील तर ४ मिमी स्क्रूला ६ मिमीचं भोक, रंगवण्याआधी पाडलेलं, आणि वर रबरी वॉशर.

मागच्या आधारपट्टीवर फोमची टेप लावणार असाल तर रंगाला आठवडाभर वाळू द्या. वरून कोरडा वाटणारा रंग आत मऊ असतो, फोम त्यात चिकटतो, आणि पुढे कधी स्क्रीन काढायला शीट ओढलीत की फोमच्या आकाराचे टवके निघतात. आठवडा थांबणं जमत नसेल तर फोमऐवजी कापडी फेल्टची पट्टी लाकडाला चिकटवा, रंगाकडची बाजू कोरडी ठेवून.