पलालीला उतरलो तेव्हा ते युद्ध नव्हते: श्रीलंकेत गेलेल्या मराठवाड्यातील जवानांचे अनुभव

१९७१ आणि कारगिल यांविषयी आपल्याकडे सत्कार समारंभांत आणि शाळांच्या कार्यक्रमांत आवर्जून बोलले जाते. श्रीलंकेविषयी बोलण्यासाठी कोणा माजी सैनिकाला मंचावर बोलावल्याचे मात्र माझ्या पाहण्यात नाही. बीड, लातूर, धाराशिव, परभणी, नांदेड या जिल्ह्यांत १९८७ ते १९९० या काळात तिकडे जाऊन आलेली माणसे आजही भेटतात, आणि विचारल्याशिवाय त्यांतला कोणी बोलत नाही, म्हणून हे निमंत्रण.

२९ जुलै १९८७ रोजी राजीव गांधी आणि श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष जे. आर. जयवर्धने यांनी कोलंबोत करारावर सह्या केल्या आणि लगेच आपले सैन्य जाफना द्वीपकल्पात पलालीच्या विमानतळावर उतरू लागले. ज्या तमिळ जनतेच्या रक्षणासाठी ते गेले, तिच्यातूनच उभ्या राहिलेल्या एलटीटीई या सशस्त्र संघटनेशी अडीच महिन्यांच्या आत त्याची लढाई जुंपली. हा बदल तुमच्या चौकीवर कसा होत गेला आणि तुम्हाला तो कशावरून कळला, एवढेच लिहावे. करार बरोबर की चूक, हा वाद येथे नको. हयात सहकाऱ्यांची नावे टाळावीत.

निवृत्त हवालदार, पायदळ, अंबाजोगाई तालुका

राम राम. आमची पलटण ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात गेली. श्रीलंकेचे सैन्य बराकीत राहील, तमिळ संघटना शस्त्रे खाली ठेवतील आणि दोघांच्या मध्ये आपण उभे राहायचे, असे काम आम्हाला सांगितलेले होते. गावांतून जाताना बायका ओवाळत, पोरे जीपच्या मागे धावत, शहाळ्याचे पैसे कोणी घेत नसे. ४ ऑगस्टला एलटीटीईचा प्रमुख प्रभाकरन याने सुदुमलैच्या सभेत शस्त्रे सोपवण्याचे मान्य केले होते आणि दुसऱ्या दिवशी पलालीला तसा समारंभही झाला होता. परंतु पुढच्या दिवसांत जी हत्यारे जमा झाली त्यांत जुनी आणि गंजकीच पुष्कळ होती, हे आमच्यासारख्या शिपायाच्याही नजरेतून सुटले नाही.

माझ्या मते खरा पालट १५ सप्टेंबरपासून सुरू झाला. त्या दिवशी एलटीटीईचा तिलीपन नल्लूरच्या कंदस्वामी मंदिराजवळ उपोषणाला बसला. त्याने पाणीही वर्ज्य केले होते, आणि २६ तारखेला तो गेला. उपोषण आमच्या सरकारविरुद्ध होते, म्हणजे गांधींच्या देशातून आलेल्या फौजेपुढे गांधींचेच हत्यार उगारलेले होते, आणि त्याला उत्तर काय द्यायचे हे आम्हाला कोणत्याही प्रशिक्षणात शिकवलेले नव्हते. आमचा पहारा ज्या घरासमोर असे, तेथील म्हातारी रोज सकाळी पितळी पेल्यातून चहा आणून देत असे. उपोषण सुरू झाल्यावर ती पेला कुंपणावर ठेवून न बोलता आत जाऊ लागली. मग पेला येईनासा झाला. आणि तिलीपन गेल्यानंतर ताडाच्या झावळ्यांच्या कुंपणाची फाटकी आतून काथ्याने बांधलेली दिसू लागली. नकाशावर काही बदलले नव्हते, आमची चौकी तेथेच होती, पण त्या गल्लीत आम्ही आता पाहुणे उरलो नव्हतो.

पुढचे सर्वांना ठाऊक आहे. ऑक्टोबरच्या सुरुवातीस श्रीलंकेच्या नौदलाने समुद्रात एलटीटीईच्या सतरा जणांना पकडले, त्यांत पुलेंद्रन आणि कुमारप्पा हे मोठे म्होरके होते. श्रीलंका सरकारने त्यांना कोलंबोला नेण्याचा हट्ट धरला आणि ५ तारखेला पलालीच्या तळावर त्यांनी सायनाइड घेतले. बारा जण मेले. त्यानंतर पूर्वेकडे सिंहली वस्त्यांवर हल्ले झाले, आमच्या गाड्यांवर गोळ्या आल्या, आणि १० ऑक्टोबरपासून एलटीटीईविरुद्धची मोहीम, ऑपरेशन पवन, सुरू झाली. तोवर गस्तीला निघताना आमच्या रायफलचे चेंबर रिकामे असे. त्या संध्याकाळी कोतसमोर, म्हणजे शस्त्रागारासमोर, उभे करून भरलेल्या मॅगझिनी वाटल्या गेल्या, तेव्हा कोणी काही विचारले नाही.

निवृत्त नायक, सिग्नल, नांदेड जिल्हा

हवालदारसाहेबांनी जे लिहिले ते पटते, पण आम्हा वायरलेस सेटवर बसणाऱ्यांना पालट आधी आवाजात कळला. सप्टेंबरपर्यंत सेटवरचे बोलणे संथ असे: रेशन, पाण्याचे टँकर, छुट्टीची यादी. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात एकमेकांना मध्येच तोडून बोलणे सुरू झाले.

११ ऑक्टोबरच्या रात्री जाफना विद्यापीठाच्या मैदानात हेलिकॉप्टरने जवान उतरवायचे होते. एलटीटीईचे प्रमुख तेथे एकत्र सापडतील असा होरा होता. पॅरा कमांडो आणि १३ शीख लाइट इन्फन्ट्रीची एक प्लाटून उतरली. मात्र समोरच्यांना आमचे वायरलेसवरचे बोलणे ऐकू येत होते आणि ते मैदानाभोवती तयार होते. एमआय-८ हेलिकॉप्टरांवर इतका मारा झाला की पुढच्या फेऱ्या थांबवाव्या लागल्या, आणि खाली उतरलेले तसेच अडकले. शीख प्लाटूनमधील एकोणतीस जवान तेथे पडले आणि एक जण शत्रूच्या हाती लागला. कमांडो घरांच्या आडोशाने लढत राहिले व त्यांना नंतर रणगाड्यांच्या मदतीने बाहेर काढले. मी त्या सेटवर नव्हतो, शेजारच्या तंबूत होतो. एकाच नावाने पुन्हापुन्हा हाक मारली जात होती आणि पलीकडून उत्तर येत नव्हते, एवढे मी ऐकले. त्यापेक्षा अधिक सांगण्याचा मला अधिकार नाही.

मला यातून एक गोष्ट दिसते. तोपर्यंत वरचे लोक दोन-तीन दिवसांत मिटेल अशा हिशेबाने चालले होते. त्या रात्रीनंतर पलालीला विमानांची रीघ लागली. एक डिव्हिजन घेऊन गेलेले सैन्य पुढे चार डिव्हिजनपर्यंत वाढले, आणि प्रत्येक वाढीच्या वेळी आम्हाला सांगितले जाई की एवढी कुमक आली की काम संपेल.

निवृत्त नर्सिंग असिस्टंट, परभणी

आमच्याकडे सिक रिपोर्टचे, म्हणजे आजारी जवानांच्या नोंदीचे, रजिस्टर असे, आणि या प्रश्नाचे माझे उत्तर त्या रजिस्टरात आहे. ऑगस्टमध्ये जुलाब, घामोळे, पायाच्या बोटांतील चिखल्या, क्वचित ताप. सप्टेंबरमध्ये मलेरिया वाढला. ऑक्टोबरच्या मध्यापासून रजिस्टर लिहिण्याची सवडच राहिली नाही, कारण येणारा माणूस चालत येत नव्हता. प्रथम गोळ्यांच्या जखमा आल्या, त्याही बहुतेक छातीला आणि डोक्याला, कारण झाडांवरून आणि गच्च्यांवरून नेम धरून मारत असत. मग सुरुंगाच्या जखमा आल्या आणि शेवटपर्यंत त्याच राहिल्या.

सुरुंगाने उडालेल्या पायाचा बूट काढता येत नाही. लेस ओढली तर माणूस किंचाळतो, आणि बुटाच्या आत नेमके काय शिल्लक आहे हे कोणालाच ठाऊक नसते. म्हणून आम्ही जाड कात्रीने बुटाचे कातडे वरून खाली उभे कापत असू, एक जण टुर्निकेट धरून, एक जण सलाईनची बाटली उंच धरून. लाल माती जखमेत इतकी खोल जाई की धुऊनही पाणी लालच निघे, आणि रक्त कोणते व माती कोणती हे दिव्याच्या उजेडात ओळखता येत नसे. काही काळाने मी माणसाचा चेहरा न पाहता आधी पायांकडे पाहू लागलो. परभणीला परतल्यावरही बाजारात माझी नजर तशीच लोकांच्या पायांकडे जात असे.

आणखी एक गोष्ट लिहिणे आवश्यक वाटते. २१ ऑक्टोबरला, तिकडच्या दिवाळीच्या दिवशी, आपले जवान जाफन्याच्या सरकारी रुग्णालयात शिरले आणि तेथे डॉक्टर, परिचारिका व रुग्ण मारले गेले. आपल्या बाजूने ते चकमकीतील बळी म्हणून सांगितले जाते. तेथील वाचलेले कर्मचारी तसे म्हणत नाहीत. मी तेथे नव्हतो. पण रुग्णसेवा करणारा माणूस म्हणून, या धाग्यात केवळ आपल्याच जखमांचा हिशेब असावा, हे मला मान्य नाही.

सैनिक पत्नी, औसा तालुका

माझे यजमान आता नाहीत, म्हणून मी लिहिते. त्यांच्या आंतरदेशीय पत्रावर आर्मी पोस्ट ऑफिसचा नुसता आकडा असे, गावाचे नाव नसे. त्या वर्षी पाऊस नव्हता, आम्ही रोजगार हमीच्या कामावर जात होतो, आणि त्यांच्या सुरुवातीच्या पत्रांत तिकडच्या विहिरींचे, नारळांचे, केळींचे वर्णन असे. दिवाळीनंतर पत्रे आखूड झाली. ‘मी ठीक आहे, आईला सांग, बैल विकू नका,’ एवढेच. आकाशवाणी शांतिसेनाच म्हणत होती. सासरे रात्री बीबीसीची हिंदी बातमी लावत आणि लढाईचे नाव निघाले की रेडिओ बंद करत. मी ऐकू नये म्हणून, आणि मी चुलीपाशी बसून सगळे ऐकलेले असे.

निवृत्त सुभेदार, बॉम्बे सॅपर्स, धाराशिव जिल्हा

मी खडकीचा सॅपर. सुरुंग काढणे आमचे काम, तेव्हा या विषयावर थोडे सविस्तर लिहितो.

लढाई वाढते म्हणजे काय होते, हे रस्त्यावर फार स्पष्ट दिसते. आधी ते सुरुंग रस्त्याच्या कडेच्या मातीत पुरत. जाफन्याची माती लाल आणि कोरडी असते; उकरलेली जागा गडद दिसते, आणि काळ्या रानात वाढलेल्या आमच्यासारख्यांना मातीचा बदललेला रंग वाचायला वेळ लागत नाही. त्यावर त्यांनी डांबराखाली आणि मोरीच्या पोटात स्फोटके भरायला सुरुवात केली. पेट्रोलचे कॅन, प्लास्टिकच्या बादल्या, लाकडी पेट्या, म्हणजे आमच्या डिटेक्टरला धातूच मिळू नये. आम्ही टोचणीने तपासू लागलो, तर त्यांनी दूर झाडीत बसून विजेच्या तारेने उडवण्याची रीत धरली. पुढची तुकडी जाऊ द्यायची आणि मागची गाडी उडवायची. मग आम्ही रस्त्याच्या दोन्ही अंगांना तारा शोधत झाडीतून चालू लागलो, तर झाडीतच पायाखालचे सुरुंग आले. त्यात ऑक्टोबर लागला. आपल्याकडे तेव्हा परतीचा पाऊसही संपत आलेला असतो, तिकडे खरा पावसाळा त्याच सुमारास सुरू होतो. एका रात्रीच्या पावसाने सगळ्या खुणा धुऊन निघत.

आपल्या बाजूनेही तसेच चढत गेले. आधी नुसते पायदळ, मग बीएमपी चिलखती गाड्या आणि टी-७२ रणगाडे, मग ऑक्टोबरअखेर एमआय-२५ लढाऊ हेलिकॉप्टरे. आमच्याजवळ एसएलआर रायफल होती, लांब, जड, एका वेळी एक गोळी सोडणारी, वीस गोळ्यांच्या मॅगझिनची; समोरच्या पोराकडे एके-४७ आणि तीस गोळ्या. घराघरांतून लढताना हा फरक किती मोठा असतो, हे दिल्लीतील कोणाला आधी कळले नसावे, असे मी साठी उलटल्यावर उघडपणे म्हणतो.

हवालदारसाहेब, तुम्ही सप्टेंबर म्हणता. मी ऑगस्टच म्हणेन. हत्यारे खरी आली नाहीत हे दिसत असताना आपण समारंभ स्वीकारला. त्या वेळी त्यांनी पुरून ठेवलेला दारूगोळा मी पुढची दोन वर्षे उकरत होतो.

निवृत्त शिपाई, महार रेजिमेंट, जालना जिल्हा

जय भीम. आमच्या ८ महारचे मेजर रामस्वामी परमेश्वरन यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले, हे येथे नोंदले जावे. २५ नोव्हेंबर १९८७ रोजी कंदरोडै परिसरात शोधमोहीम आटोपून परतताना त्यांच्या तुकडीवर दबा धरून हल्ला झाला. त्यांनी मागून वळसा घालून हल्लेखोरांना गाठले, छातीत गोळी लागली असताना समोरच्याची रायफल हिसकावून त्याला ठार केले, आणि मरेपर्यंत ते हुकूम देत राहिले. मी दुसऱ्या तुकडीत होतो. हे मी पलटणीत ऐकलेले आहे.

त्यानंतर शोधमोहिमा अधिक कडक झाल्या. पुरुषांना मैदानात बसवायचे, तोंड झाकलेल्या खबऱ्यासमोरून एकेकाला न्यायचे, त्याने मान हलवली की बाजूला काढायचे. मान कोणत्या वैरातून हलली हे आम्हाला कळत नसे. मीही गावकुसाबाहेरच्या वस्तीत वाढलेला. ओळीत बसवलेल्या माणसाची खाली घातलेली नजर मला नवीन नव्हती. प्रत्येक मोहिमेनंतर त्या गावातील दोन-चार पोरे जंगलात जात असणार, हे आम्ही आपसांत बोलत असू आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मोहिमेवर निघत असू.

निवृत्त ड्रायव्हर, आर्मी सर्व्हिस कोअर, उदगीर

मी शेवटी गेलो, १९८९ मध्ये, त्रिंकोमालीला. तेव्हा प्रेमदासा राष्ट्राध्यक्ष झाले होते, आपल्याला जुलैअखेर निघून जा म्हणत होते, आणि तेच सरकार आमच्याशी लढण्यासाठी एलटीटीईला शस्त्रे देत होते. ज्यांच्या करारावर आलो ते नको म्हणतात, ज्यांच्यासाठी आलो ते गोळ्या घालतात, आणि रेशनची गाडी तर रोज न्यावीच लागते. मी पुढच्या गाडीच्या टायरच्या ठशांवरूनच आपली गाडी चालवायला शिकलो.

२४ मार्च १९९० रोजी शेवटची तुकडी त्रिंकोमालीहून जहाजाने निघाली. मद्रास बंदरावर तिच्या स्वागताला तामिळनाडूचे मुख्यमंत्री करुणानिधी गेले नाहीत. आपल्या अकराशेहून अधिक जवानांचे प्राण गेल्यानंतरची ही गोष्ट आहे. आम्ही परतून तीन महिनेही झाले नव्हते, तोच जूनमध्ये एलटीटीई आणि प्रेमदासा यांचे सरकार एकमेकांशी लढू लागले.

हवालदार, अंबाजोगाई (सुभेदारसाहेबांना उत्तर)

सुभेदारसाहेब, तुमचे ऑगस्टचे म्हणणे मी नाकारत नाही. पण हत्यारे पुरलेली असणे आणि ती बाहेर निघणे, यांत फरक आहे. ५ ऑक्टोबरपर्यंत ती जमिनीतच होती आणि आमच्या गस्ती विनाअडथळा जात-येत होत्या. त्या सतरा जणांना कोलंबोला न पाठवण्याबद्दल आपण अडून बसलो असतो, तर निदान त्या आठवड्यात ती निघाली नसती, असे मला आजही वाटते. नायकदादांनी लिहिलेल्या विद्यापीठाच्या मोहिमेत जे गेले, त्यांच्यापैकी काहींबरोबर आम्ही पलालीला एकाच लंगरात जेवलो होतो, त्यामुळे या प्रश्नावर मला तटस्थपणे बोलता येत नाही, हेही मान्य.